गढीचा तिसरा भाग

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो लोकांच्या पत्रिका करायला. निदान अण्णांना तसं सांगण्यात आलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, रामकुंडावर दशक्रिया आणि श्राद्धं सांगणारे गुरुजी. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत तोवर कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता. पहिला आला तो ज्याला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही अशा माणसाकडे, याचं गल्लीला वाटलं त्याहून जास्त नवल खुद्द अण्णांना वाटलं. माझा थोरला भाऊ श्रीकांत इंजिनिअरिंगला होता. "अण्णा, पाच मिनिटांत पत्रिका हातात," या एका वाक्यावर त्याने त्यांना पटवलं. अण्णांनी यंत्राला गंध लावलं, फूल वाहिलं, समोर नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं. तेव्हापासून 'ळ' दाबला की दोनदा उमटायचा. कैक मुलींच्या पत्रिकेत 'मंगळळ' छापून गेला आणि त्यांच्या आईबापांनी तो दुप्पट कडक समजून शांतीही दुप्पट करून घेतली असणार. आम्ही कुणी खुलासा केला नाही.

पत्रिका टाइप करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दादाला अभ्यास असायचा. अभ्यास म्हणजे गढी. खेळाचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक होतं, पण खोकं आमच्या घरात कधी आलंच नाही. सातपूरला कारखान्यात शिफ्ट करणारा मामा आठवड्याच्या सुट्टीला यायचा, तेव्हा शर्टाच्या खिशातून एखादी सीडी काढायचा. पडद्यावर सुरुवातीला डोंगरावरची एक गढी दिसायची, म्हणून आमच्याकडे तिचं नाव गढी पडलं. गढी एक, गढी दोन, गढी तीन, गढी चार. राक्षस, जादूगार, तलवारी, पोशन नावाची औषधं, आणि साऱ्या पृथ्वीवर आलेलं संकट. ते दूर करायला नेमका आमचा दादाच लागायचा. घरात पाण्याचा माठ भरायला मात्र मी लागायचे.

चौथा भाग सगळ्यांत भारी, हे दादाने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की आई पोळ्या लाटतानासुद्धा ते म्हणू शकली असती. चौथ्यात ग्राफिक्स होते. चौथ्यात फ्रीडम होता. चौथ्यात मेलेला सोबती औषधाच्या दोन थेंबांनी उठून उभा राहायचा आणि लढाई पुढे चालू. पहिला भाग म्हणजे ठिपक्यांनी ठिपक्यांना मारायचं. दुसरा रटाळ, कारण त्यात माणसं नुसती बोलत बसायची. आणि तिसरा इतका वाईट की त्याच्याबद्दल बोलण्यात वेळ घालवू नये, असं दादा तासभर बोलायचा. तिसऱ्यात नायक भिंतीतून आरपार पडायचा, पूल ओलांडताना खेळ बंद पडायचा, आणि एका गावातल्या कोंबड्या हवेत चालायच्या. मला तिसरा आवडायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आता पन्नाशीला टेकल्यावर, या जुन्या खेळांवर जीव टाकणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपमध्ये मी आहे. तिथेही रोज कोणी ना कोणी चौथाच भारी असल्याचं सिद्ध करतं. बहुतेक सगळे कुणाचे ना कुणाचे दादाच आहेत.

आमचं घर आवाजांनी भरलेलं होतं. पहाटे देवळांच्या घंटा, मग भाजीबाजाराकडे जाणाऱ्या रिक्षा, मग गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की मागे कोणी घ्यायची यावरचा वाद. घरात अण्णांचं पुटपुटणं अखंड चालू असायचं. स्वयंपाक काय करायचा हे आईच्या हातात नसायचं, ते यजमान ठरवायचे. शिध्यात जे येईल ते शिजायचं, आणि लोकांना दान करायला डांगरासारखी, म्हणजे लाल भोपळ्यासारखी, भाजी नाही. टिकते, मोठी दिसते, आणि आपल्याला खावी लागत नाही. डांगराची भाजी, डांगराचं भरीत, डांगराच्या पुऱ्या, आणि सणाला डांगराचे घारगे. मी आजही लग्नाच्या पंगतीत तो केशरी रंग ताटात पाहिला की ताट फिरवून घेते.

त्या मे महिन्यात अण्णा कुंडाच्या पायरीवर शेवाळावरून घसरले आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चाळीस वर्षं ज्या पायऱ्यांवर ते उभे होते त्यांनीच दगा दिला, याचा त्यांना दुखण्यापेक्षा जास्त राग होता. बांधलेले यजमान तर येतच राहणार. माणसं काही गुरुजींचा पाय बरा होईपर्यंत थांबून मरत नाहीत. तेव्हा कॉलेजला सुट्टी लागलेल्या दादाला सोवळं नेसवून कुंडावर पाठवायचं ठरलं.

दादाची मुंज झाली होती, पोथी वाचता येत होती, आणि तो मुलगा होता. एवढी पात्रता पुरेशी होती. अण्णांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं म्हणून सगळी पोथी मोठ्या अक्षरांत टाइप करून मीच छापली होती, दोनदा, 'ळ' खोडून खोडून. टाइप करताना अण्णा शेजारी बसून म्हणायचे आणि मी मागून म्हणायचे, त्यामुळे ती मला पाठ झाली होती. पण ही गोष्ट आमच्या घरात मांजराला दार उघडता येतं तशी होती. कौतुक होतं, उपयोग नव्हता. रोज सकाळी कॉटवरून अण्णा दादाची उजळणी घ्यायचे, दादा अडखळायचा, आणि मी स्वयंपाकघरातून पुढचा शब्द सांगायचे. अण्णा म्हणायचे, "बघ, तिलासुद्धा येतं." त्या 'सुद्धा'वर मी बरेच दिवस जगले.

दादा कुंडावर जायला लागला आणि अण्णा घरी अडकले. दोन दिवसांत पेपर जाहिरातींसकट वाचून झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "वसू, तो दिवसभर त्या यंत्रावर काय करतो, दाखव बघू."

मी आधी चौथा लावला, कारण तो सगळ्यांत भारी होता. पाच मिनिटांत अण्णांनी हात वर केला. "फार पळापळ आहे. आणि मेलेला उठतो कसा? उठायला लागले तर आपण खायचं काय?" मग मी दुसरा लावला. तो मात्र त्यांना मानवला. माउस मी धरायचा, इंग्रजी मी सांगायचं, हुकूम त्यांनी करायचा. त्यांनी सहसा कुणाला मारलं नाही. गावात शिरलं की प्रत्येक घरात जायचं, प्रत्येकाशी बोलायचं. "याला विचार, घरी कोण कोण असतं." "अण्णा, असं विचारता येत नाही." "बरं, गोत्र तरी विचार." राक्षस गावाच्या वेशीवर आलेला असायचा आणि अण्णा एका लोहाराच्या दुकानात त्याच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं याची चौकशी करत असायचे. दादा दुपारी घामाघूम होऊन परतायचा, पाठ उन्हाने सोललेली, आणि बाप कॉटवर लोडाला टेकून त्याचा खेळ खेळत असायचा. आई म्हणाली, "घरात दोघं पुरुष, आणि दोघंही चुकीच्या जागी बसलेत."

खेळात अण्णांच्या सोबत्यांत एक कंदीलवाला होता. अंधाऱ्या गुहेत पुढे चालायचा, बाकी काही करायचा नाही. अण्णांचा तो लाडका. एका गुहेत तो मेला. दादा नुकताच आला होता, पाणी पीत होता. म्हणाला, "रीलोड करा. मागचा सेव्ह लावला की जिवंत होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तो मेलाच नाही असं समजायचं आणि पुन्हा खेळायचं."

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने पिंडांबरोबर चटणी मागितली होती. "मेला तो मेला. पुढे काय करतात?"

दुसऱ्या भागात, आणि फक्त दुसऱ्याच भागात, पुढे काही करता यायचं. मेलेल्याच्या गावी परत जाऊन त्याच्या घरी सांगावं लागायचं. दादाने ते कधी पाहिलंच नव्हतं. कंदीलवाल्याची आई दारात उभी होती, आठ-दहा ठिपक्यांचा चेहरा. खाली तीन पर्याय आले. मी अर्थ सांगितला. एक, तो शूरपणे गेला. दोन, चूक माझी होती. तीन, काही बोलू नका, बसा. अण्णांनी मला तिन्ही अर्थ पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाले, "बसा." मी तिसरा पर्याय दाबला. नायक उंबरठ्यावर बसला, ती बाई त्याच्या शेजारी बसली, आणि काहीच झालं नाही. दादाला वाटलं कॉम्प्युटर अडकला. तो पुढे होऊन बटण दाबायला लागला तेव्हा अण्णांनी त्याचा हात धरला. मिनिटभराने बाई उठली आणि घरात गेली.

"हा भाग चांगला," अण्णा म्हणाले. "ज्याने केला त्याच्या घरी कुणीतरी गेलेलं असणार."

त्या रात्री जेवताना यावरून जुंपली. दादा म्हणाला, अख्ख्या जगाला चौथा आवडतो. अण्णा म्हणाले, अख्ख्या जगाचं श्राद्ध मी सांगत नाही. आईने मत विचारलं नसताना सांगितलं की सगळे भाग सारखेच, सगळ्यांत वीज जळते. मग अण्णा माझ्याकडे वळले. "तू एवढी बसतेस त्याच्यासमोर. तुझा कोणता?"

"तिसरा," मी म्हणाले. दादाला ठसका लागला.

"का?"

"त्यात मुलीला पुढारी होता येतं. बाकीच्यांत पुढारी पुरुषच असतो."

अण्णा म्हणाले, "असं होय," आणि भाजी वाढून घेतली. डांगराची. विषय तिथे संपला, आणि मला वाटलं होतं त्याहून बराच चांगला संपला.

त्यानंतर आठवडाभरात दादाचा आवाज गेला. गोदाकाठच्या गाडीवरचे बर्फाचे गोळे हे त्याचं कारण, पण आईला त्याने कुंडावरचं ऊन असं सांगितलं. त्या दिवशी हरसूलहून काशिनाथबाबा यायचे होते. बाजारच्या दिवशी दोरखंड आणि घोंगड्या विकणारे, सत्तरीचे. बायकोचा दहावा होता. कुंडावरच्या ओळीतल्या सगळ्या गुरुजींकडे कामं होती. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, जमेल कसंतरी. अण्णा म्हणाले, "वसू, पिशवी धरायला जा बरोबर. पाणीबिणी दे त्याला."

संकल्पापर्यंत दादाचा आवाज कसाबसा पुरला. मग मृताचं नाव घ्यायची वेळ आली आणि त्याच्या गळ्यातून नुसती हवा आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. काशिनाथबाबा ओल्या धोतरात, हातात तीळ-पाणी धरून बसलेले. त्यांच्या ओंजळीतून पाणी गळत होतं आणि ते ओंजळ हलवत नव्हते. दादाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही काही ठरवलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली, दादाच्या मागे बसले आणि म्हणायला लागले. हाताने दाखवायचं ते दादा दाखवत होता, तोंडाने म्हणायचं ते मी. एका जागी मी थांबले. मला वाटलं, या माणसाला विचारायला हवं.

"बाबा, मी म्हटलेलं चालेल ना?"

"तू म्हण, पोरी," ते म्हणाले. "चुकत नाय ना? मंग म्हण. तिला तरी कुठं आयुष्यभर गड्याचंच ऐकाया आवडायचं."

पुढे सगळं पार पडलं. कावळा शिवला, आणि तोही पहिल्या पाच मिनिटांत. दादाच्या साऱ्या महिन्यात कावळा इतक्या लवकर कधी आला नव्हता. हे मी त्याला आजही मधूनमधून ऐकवते.

संध्याकाळी समोरच्या घरातले नानागुरुजी आले. कुंडावर ते आमच्यापासून दहा हातांवर बसलेले होते. चहा घेतला, पायाची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आले. "मुलगी मंत्र म्हणत होती, अण्णा. चार लोकांनी पाहिलं."

अण्णांनी विचारलं, "चुकली कुठे?"

"चुकण्याचा प्रश्न नाही."

"तुमचा सुधाकर तर्पणात दोन ओळी गाळतो, वर्षं झाली. तेव्हा तुम्ही आला नाहीत सांगायला."

नानागुरुजींनी कप अर्धा तसाच ठेवला आणि गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता अण्णा हाक मारतील आणि उद्या कुंडावर कुणाचं काय आहे ते सांगतील. त्यांनी हाक मारली.

"उद्यापासून जाऊ नकोस," ते म्हणाले. "आपल्याला इथेच राहायचंय."

मग त्यांनी, बहुधा माझा चेहरा बघून, मनाचा फार मोठेपणा दाखवला. म्हणाले, "तो तिसरा भाग लाव बघू. आज तो खेळू." नायिका निवडायची पाटी आली. नाव विचारलं. अण्णांनी स्वतः, एका बोटाने, वीस मिनिटं शोधून माझं नाव इंग्रजीत टाइप केलं. पडद्यावर वसुधा उभी राहिली, चिलखत घातलेली, हातात तलवार, मागे चार पुरुष तिच्या हुकमाची वाट बघत. अण्णांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. कुंडावर मला पिशवी धरायचीही परवानगी नव्हती, पण इथे सगळं राज्य माझं होतं. ऐतिहासिक न्याय म्हणतात तो हाच असावा.

दुसऱ्या दिवशी अण्णा झोपलेले असताना मी तिसरा भाग कॉम्प्युटरवरून काढून टाकला आणि सीडी मामाला देऊन टाकली. दादाला वाटलं व्हायरस आला. त्याने एक रविवार घालवून सगळं यंत्र उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं. मी त्याला स्क्रूड्रायव्हर देत बसले होते.

अण्णांचं प्लास्टर निघालं, ते काठी टेकत कुंडावर जायला लागले. दादाला पुण्यात नोकरी लागली आणि त्याने सोवळं आईच्या ट्रंकेत असं ठेवलं की ते पुन्हा सापडू नये. मी पत्रिका टाइप करत राहिले. गढीबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. अण्णांनी दुसरा भाग पुरा केला नाही. राक्षसाचं पुढे काय झालं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "असेल तिथेच. त्याला कुठे जायचंय."

वर्ष झालं आणि काशिनाथबाबा वर्षश्राद्धाला आले. सरळ घरीच आले. बरोबर शिध्याची पिशवी, आणि तिच्यात आश्चर्य म्हणजे डांगर नाही, हरसूलकडच्या नागलीचं पीठ. अण्णांनी पंचांग काढलं आणि म्हणाले, चला, कुंडावर जाऊ. बाबा जागचे हलले नाहीत.

"त्या ताई नाय का म्हननार?"

अण्णा म्हणाले, "मी आहे ना. पाय बरा झाला माझा."

"तुमचं बरोबर हाय. पन तिचं काम ताईंनी केलेलं. आता मधीच मानूस बदलायचं म्हंजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दिवसभर थांबायची तयारी असलेला माणूस ठेवतो तशी.

अण्णा बराच वेळ पंचांग चाळत राहिले. त्यात या प्रश्नाचं उत्तर असण्याची शक्यता नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. मग ते उठले आणि माजघरात पाट मांडायला लागले. "घरातच करू," ते म्हणाले. "श्राद्ध घरात चालतं." आईने न सांगता भात चढवला. अण्णांनी गल्लीकडचं दार लावून कडी घातली. नानागुरुजींच्या ओट्याकडे उघडणारी खिडकी मात्र तशीच राहिली. मला वाटलं विसरले, म्हणून मी उठून ती लावायला गेले.

"असू दे," अण्णा म्हणाले. "उकडतंय."

मी म्हटलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. अण्णा बाजूला बसून दर्भ, तीळ, पाणी हातात देत होते, दादा द्यायचा त्यापेक्षा बरेच नीट. समोरच्या ओट्यावरून दोनदा खोकल्याचा आवाज आला. हिराबाई हे बायकोचं नाव आलं तेव्हा काशिनाथबाबांनी डोळे मिटले, आणि नंतर जेवताना भात दोनदा मागून घेतला.

ते गेल्यावर मी मामाच्या कारखान्यात फोन लावला आणि गढी तीनची सीडी परत मागितली. मला आजही तोच भाग आवडतो. तो वाईट आहे, कोंबड्या हवेत चालतात, आणि त्याच्या बाजूने मी ग्रुपमध्ये भांडते तेव्हा माझ्याकडे एकही धड मुद्दा नसतो.

अण्णा ओसरीत हात धूत होते. धुऊन झाल्यावर उपरण्याला पुसत आत आले, म्हणाले, "संकल्पाला आवाज जरा मोठा हवा होता," आणि झोपायला गेले.